मडगार्ड काढून फेकू नका, बदलून मागा



मृगाचे दोन पाऊस झाले की गावातल्या मिस्तरीकडे एक काम ठरलेले असते. मोटारसायकलचा पुढचा मडगार्ड काढून द्यायचा. बोल्ट सोडले, पत्रा आखाड्यावर टांगला, आता दसऱ्यापर्यंत गाडी तशीच. चिखल अडवायला कारखान्याने दिलेली वस्तू चिखल सुरू होताच काढून ठेवावी लागते. पैसे मात्र आपण तिचेही मोजलेले असतात. याचा कुणाला राग येत नाही, त्याचाच मला राग येतो.

यात दोष मातीचा नाही. बेसाल्टच्या खडकापासून झालेल्या आपल्या काळीत मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती असते. ती पाणी धरते आणि फुगते. म्हणून तर आपली कोरडवाहू कपाशी पावसाचा खंड सोसते, आणि रब्बीची ज्वारी सरत्या पावसाच्या ओलीवर पिकते. हीच माती टायरला धरते. तिच्यात गवत आणि पऱ्हाटीच्या काड्या मिसळतात आणि भिंत लिंपायला भुसा घालून माती मळावी तसा गारा तयार होतो. कारखान्याचा मडगार्ड टायरपासून दोन-तीन बोटांवर. ती फट बघता बघता ठासून भरते. पुढचे चाक जाम झाले की गाडी आडवी, मागे बसलेली बाई चिखलात. मागचे चाक जाम झाले आणि तरी रेस दिली, तर क्लच प्लेटा जळतात.

आपल्या जुन्या बैलगाडीचे चाक आठवा. उंच चाक, त्यावर अरुंद लोखंडी धाव, आणि चिखल अडकून बसेल असे भोवती काही नाही. ती करणाऱ्या सुताराला गावचे शिवार ठाऊक होते. मोटारसायकलचा आराखडा काढणाऱ्याला डांबरी रस्ता ठाऊक आहे.

पण म्हणून मडगार्ड काढून फेकणे हा उपाय नव्हे. मडगार्ड नसला की पुढच्या चाकाचा चिखल डोळ्यांत येतो, दिव्यावर बसतो आणि इंजिनाच्या पात्यांत भरतो. इंजिन वाऱ्याने थंड होते. पात्या भरल्या की ते तापते. शिवाय पुष्कळ गाड्यांत मडगार्डचा पत्रा किंवा त्याखालची कमान शॉकच्या दोन्ही नळ्यांना एकत्र बांधून ठेवते. ती काढली की गाडी खड्ड्यात हँडल पिळते. मडगार्डच्या क्लिपेत अडकवलेली ब्रेकची केबल मोकळी सुटून टायरला घासते. चार महिने आपण लेकराबाळांना अशा गाडीवर बसवतो.

मग काय करायचे? पुढचा मडगार्ड चाकाजवळ न ठेवता वर, हेडलाइटच्या खाली, शॉकच्या नळ्या धरणाऱ्या खालच्या पट्टीला बसवायचा. चिखलातल्या शर्यतीच्या गाड्यांना तो असाच असतो. मात्र खड्ड्यात शॉक दबतो आणि चाक वर येते, हे विसरायचे नाही. दोघांनी हँडलवर भार देऊन शॉक पुरता दाबायचा आणि त्या अवस्थेत टायर आणि मडगार्ड यांत चार बोटे जागा राहते का ते पाहायचे. पत्र्याऐवजी जाड, लवचिक प्लास्टिक घ्यायचे. पत्रा वाकून टायरमध्ये घुसतो. नळ्यांना बांधणारी कमान काढायची नाही. तीच टायरजवळ असेल तर मिस्तरीकडून उंच कमान करून घ्यायची. केबल नव्या क्लिपेत बांधायची. मागचा साडीगार्ड तर कधीच काढायचा नाही.

हे काम अवघड नाही. मग ते कारखाना का करत नाही? विक्रेता म्हणतो, "गाडी रस्त्यासाठी आहे, तुम्ही ती शिवारात घालता." बरे! मग कापूस विकून हातात पैसे आले की नांदेडपासून उदगीरपर्यंत गाड्यांचे मेळे कुणासाठी लागतात? जाहिरातीत हिरवे शेत आणि फेटेवाला शेतकरी कशासाठी दाखवता? गिऱ्हाईक शेतकरी, तर चाक त्याच्या मातीत फिरले पाहिजे.

परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या नांदेड केंद्राने नांदेड-४४ हा कपाशीचा संकर दिला. तो कोरडवाहू शेतकऱ्याने उचलला, कारण त्याची पारख इथल्याच मातीत आणि इथल्याच पावसावर झाली होती. बियाण्याला जो न्याय, तो गाडीला का नाही? गाडी बाजारात येण्याआधी ब्रेक, दिवे, धूर सगळे तपासले जाते. काळ्या चिखलात चाक फिरते का, ही तपासणी सक्तीची नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२३ सांगतो की मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्मे चाक झाकलेले हवे. चांगला नियम आहे. साडीचा विचार करणाऱ्या सरकारला चिखलाचा विचार करता येऊ नये?

करातही हीच दृष्टी. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले. ट्रॅक्टरवर ५ टक्के आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवरही ५ टक्के. मोटारसायकलच्या मडगार्डवर मात्र १८ टक्के. खताची गोणी, फवारणीचा पंप, वेचणीच्या बाया, दुधाची कॅन आखाड्यावर कशावर जाते, हे दिल्लीला कुणी सांगितलेच नाही.

ट्रॅक्टरवाल्यांनाही एक सांगणे आहे. ट्रॅक्टरचा मडगार्ड चालवणाऱ्याला चाकापासून राखतो. ती बैठक नव्हे. ट्रॅक्टरला सीट एकच असते. मडगार्डवर बसलेले पोर एका धक्क्याने थेट मोठ्या चाकाखाली जाते. इथे कारखान्याला बोल लावता येणार नाही.

कुणी म्हणेल, मडगार्डचे काय घेऊन बसलात, पांदण रस्ता मागा. तोही मागूच. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली वहिवाटीचा अडवलेला रस्ता मोकळा करण्याचा अधिकार तहसीलदाराला आहे. बांधावरून रस्ता देण्याचा अधिकार १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ ने दिला आहे. २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनाही आली. कागद पुष्कळ आहेत, खडी थोडी आहे. ती पडेपर्यंत चाक फिरायला नको काय?

म्हणून जिल्हा बैठकीत तीन ठराव घेऊ. काळ्या मातीच्या जिल्ह्यांत गाडीबरोबर उंच मडगार्ड त्याच किमतीत मिळावा. मोटारसायकलच्या मडगार्डवरचा कर ट्रॅक्टरच्या मडगार्डइतका व्हावा. आणि असा मडगार्ड बसवल्याबद्दल कुणाची वॉरंटी नाकारली जाऊ नये. बैठकीच्या दिवशी मैदानात उभ्या गाड्यांपैकी मडगार्ड काढलेल्या किती, ते तालुकावार मोजू आणि तो आकडा घेऊन विक्रेत्यांच्या दारात जाऊ. गाडी तशीच आणा, लपवू नका. टांगलेला पत्राही सोबत आणा.