फ्रोझनची लाज सोडा, एअर फ्रायरचा गर्वही

तुमच्या फ्रीझरचा खण ओढून बघा. मटार असतील, भेंडी असेल, खवलेला नारळ असेल. मलेशियातून आलेले पराठे, इंडियन स्टोअरमधले समोसे, आणि जपानी सुपरमार्केटातून मुलांसाठी घेतलेली कोरोक्के नाहीतर काराआगेची एखादी पिशवी. आता खरं सांगा: गेल्या वेळी आई किंवा सासूबाई व्हिडिओ कॉलवर असताना यातली कोणती पिशवी तुम्ही कॅमेऱ्याबाहेर सरकवली होती?

आपल्या मंडळींत या विषयावर दोन गट आहेत आणि माझं दोघांशीही भांडण आहे. पहिला गट म्हणतो, फ्रोझन म्हणजे शिळं, म्हणजे आळस, म्हणजे घरात अन्नपूर्णेचा वास नाही. दुसऱ्या गटाने एअर फ्रायर घेतला आहे आणि तो प्रत्येक गेट-टुगेदरमध्ये सांगत असतो, ‘घ्या हो बिनधास्त, तेलाचा थेंब नाही!’ पहिला गट दुसऱ्याच्या कष्टांना खोटं ठरवतो आणि दुसरा स्वतःशीच खोटं बोलतो.

पहिल्या गटापासून सुरुवात करू, कारण मीही त्यात होतो. दिवसभराच्या कामानंतर समोर आलेल्या ताटाकडे बघून ‘फ्रोझनच आहे ना?’ हे तीन शब्द माझ्याही तोंडून गेलेले आहेत. प्रश्न साधा होता असं मी तेव्हा म्हणालो. तो साधा नव्हता. ती हजेरी होती.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. 2020 च्या जुलैमध्ये जपानी ट्विटरवर एका प्रसंगाने मोठा वाद पेटला होता. तयार पदार्थांच्या काउंटरवर पोटॅटो सॅलड घेणाऱ्या, लहान मूल सोबत असलेल्या बाईला एका वयस्क गृहस्थाने सुनावलं, की आई आहेस तर निदान पोटॅटो सॅलड तरी घरी कर. पुढच्याच महिन्यात आणखी एका बाईने लिहिलं, की दमून आल्यावर रात्री फ्रोझन ग्योझा केले, मूल खूश झालं, आणि नवरा म्हणाला हे ‘तेनुकी’ आहे. तेनुकी म्हणजे अंगचोरी, हात राखून केलेलं काम. त्यावर आजिनोमोतोच्या फ्रोझन पदार्थांच्या कंपनीने स्वतःच्या अकाउंटवरून उत्तर दिलं: हे ‘तेनुकी’ नाही, ‘तेमा-नुकी’ आहे. तेमा म्हणजे खटाटोप, वेळखाऊ मेहनत. कोबी चिरणं, सारण मळणं, पारी भरणं हा खटाटोप कारखान्याने उचलला, तुम्ही तो तेवढा काढून टाकलात. एका अक्षराचा फरक, पण देशभर चर्चा झाली. कंपनीला माल विकायचा होता हे उघड आहे. तरी मुद्दा खोटा ठरत नाही.

हा मुद्दा आपल्याला तर जास्तच लागू आहे. इथे नवऱ्याच्या नोकरीमागून आलेल्या किती जणी ‘काझोकु ताइझाइ’ म्हणजे कुटुंबाच्या व्हिसावर आहेत बघा. या व्हिसावर परवानगी काढूनही आठवड्याला 28 तासच काम करता येतं. पुण्यात टीम सांभाळणारी बाई निशी-कासाईत येऊन अर्धवेळ काम शोधते, मुलांच्या शाळेचे जपानी कागद उलगडते, ओबेन्तो भरते, आणि वर तिच्याकडून ‘आपल्या घरची चव’ टिकवण्याची अपेक्षा असते. संस्कृती जपायची सगळ्यांनी, कढईसमोर उभं राहायचं मात्र एकीने. ताज्या अन्नाचा आग्रह धरणारे किती पुरुष स्वतः कोथिंबीर निवडतात? निवडत असतील तर त्यांनी खुशाल आग्रह धरावा. माझं त्यांच्याशी भांडण नाही.

आणि ‘शिळं’ हा शब्द इथे लागूच होत नाही. शिळं म्हणजे उघड्यावर राहून बिघडायला लागलेलं. गोठवलेलं अन्न उणे 18 अंशांना ठेवलं, की त्यात जंतूंची वाढ थांबते. ते मरत नाहीत, थांबतात. हा फरक पुढे उपयोगी पडेल. जपानमध्ये तर 18 ऑक्टोबर हा फ्रोझन अन्नाचा दिवस आहे, 1986 पासून. दहाव्या महिन्यातल्या दहाचा एक उच्चार ‘तो’, गोठण्याच्या अक्षराचा उच्चारही ‘तो’, आणि अठरा तर तापमानातलेच. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये क्रीडाग्रामात हजारो खेळाडूंना जेवू घालायचं होतं, तेव्हा इम्पीरियल हॉटेलच्या मुराकामी नोबुओ या नामांकित शेफने गोठवलेल्या मालावर मेहनत घेतली आणि तो आत्मविश्वासाने वापरला. त्याला कुणी आळशी म्हटलं नाही. तो मोठा शेफ होता, कुणाची सून नव्हता.

आपल्या आज्यांनी तरी वेगळं काय केलं? मे महिन्यात गच्चीवर कुरडया, सांडगे, पापड घातले. उन्हाने पाणी काढून घेतलं आणि उन्हाळ्यातले कष्ट पावसाळ्यात ताटात आले. त्याला आपण ‘वाळवण’ म्हणतो आणि त्याच्या आठवणींनी डोळे ओले करतो. फ्रीझरही तेच करतो: पाणी काढून घेण्याऐवजी गोठवून जंतूंच्या हाती लागू देत नाही. टोकियोच्या फ्लॅटला गच्ची नाही आणि जून म्हणजे त्सुयूचा चिकचिकाट. इथलं वाळवण फ्रीझरमध्येच होणार.

आता दुसरा गट. मंडळी, एअर फ्रायर तळत नाही. फिलिप्सने 2010 मध्ये ते नाव बाजारात आणलं आणि आपण ते खरं मानून बसलो. जपानात 2013 मध्ये ते यंत्र ‘नॉन-फ्रायर’ म्हणून आलं, ते नाव निदान प्रामाणिक होतं. वर तापणारी तार, तिच्याजवळ जोरात फिरणारा पंखा, खाली जाळीची टोपली: ही छोटी, वेगवान भट्टी आहे. तेल पदार्थाला सगळीकडून चिकटून उष्णता देतं, हवेला ते तेवढं जमत नाही. म्हणून ओलं पीठ हवेत सेट होण्याआधीच जाळीतून गळतं. बेसनात बुडवलेला बटाटेवडा त्यात टाकून बघितला असेल तर मी काय म्हणतो ते तुम्हाला कळेल. जो निघतो तो बटाटेवडा नसतो, बटाट्याची तक्रार असते.

‘तेलाचा थेंब नाही’ हेही तपासा. फ्रोझन फ्राइज बहुतेक वेळा कारखान्यात आधीच तळून मग गोठवलेल्या असतात. टोपलीत टाकल्यावर त्या कुरकुरीत होतात त्या आतल्याच तेलावर. तुम्ही तेल वाचवलेलं नाही, ते दुसऱ्याने आधीच घातलं आहे. आणि तेल नसलं म्हणजे सगळं निर्धोक असंही नाही. 2002 मध्ये स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की पिष्टमय पदार्थ जास्त तापवले की त्यात अॅक्रिलामाइड तयार होतं. ते तेलामुळे नाही, तापमान आणि तांबूसपणामुळे. बटाटा एअर फ्रायरमध्ये काळपट करून ‘हेल्दी’ म्हणून मुलाला देण्यात शहाणपण नाही. सोनेरी झाला की थांबा.

पण खरी काळजीची गोष्ट वेगळी आहे आणि ती जपानी न वाचता येणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावी. 2016 च्या अखेरीस कानागावामध्ये फ्रोझन मेन्चिकात्सु खाऊन बऱ्याच जणांना ओ-157 या जंतूची बाधा झाली. मेन्चिकात्सु म्हणजे ब्रेडचा चुरा लावलेला खिम्याचा कटलेट. तो आत कच्चा असतो. गोठलेला तसाच तेलात सोडला की बाहेरून छान तांबूस होतो आणि मध्यभाग मात्र पुरेसा तापत नाही. तेलात ही गत, तर हवेत काय होईल? गोठवण्याने जंतू थांबले होते, मेले नव्हते.

म्हणून पाकिटाच्या मागे बघा. जपानी फ्रोझन पाकिटावर ‘तोकेत्सु-माए कानेत्सु नो उमु’ अशी एक ओळ असते: गोठवण्याआधी पदार्थ तापवला होता का? तिच्यापुढे ‘कानेत्सु शिते आरिमासेन’ असेल तर तो आत कच्चा आहे. मांसाचा पदार्थ असेल तर मध्यभाग 75 अंशांना निदान एक मिनिट तापला पाहिजे, असा इथला सरकारी दंडक आहे. फोन त्या ओळीवर धरला की भाषांतर होतं. शाकाहारी म्हणून चित्र बघून पाकीट घेणाऱ्यांनी तर घटकांची यादीही वाचावी. इथल्या साध्या दिसणाऱ्या बटाट्याच्या कोरोक्केतही पुष्कळदा मांस असतं.

एवढं बोलून मी एअर फ्रायर फेकून द्या म्हणतोय का? अजिबात नाही. इथल्या घरात त्याच्यासारखा सोबती नाही. वन-रूममध्ये एक शेगडी, खिडकी नावापुरती. तळणाचं उरलेलं तेल सिंकमध्ये ओतायचं नाही. पावडर घालून ते गोठवायचं, मग जळाऊ कचऱ्यात टाकायचं. भिंती तेलकट झाल्या तर घर सोडताना त्याचे पैसे भाडेकरूच्या माथी येऊ शकतात. आणि कढई गॅसवर ठेवून मुलाच्या रडण्याकडे धावलात, तर साधारण 360-370 अंशांना तेल आपणहून पेट घेतं. टोपलीत तो धोका फार कमी.

फक्त भारतातून आणू नका. तिथलं 230 व्होल्टचं यंत्र इथल्या 100 व्होल्टवर चाललंच तर उष्णता जेमतेम पाचवा हिस्सा देईल. इथे घेतलेलं साधारण 1200-1400 वॉटचं असतं. तुमचा करार 30 अँपिअरचा असेल तर एकूण 3000 वॉट मिळतात. एअर फ्रायर, मायक्रोवेव्ह आणि हीटर एकदम लावलात तर ब्रेकर पडणार, आणि मीटिंगमधला नवरा अंधारात ओरडणार. ओरडू दे.

मग त्यात काय करायचं? ज्याचा आत आधीच शिजलेला आहे आणि ज्याला फक्त बाहेरून कुरकुरीतपणा हवा, ते. आणि असे पदार्थ आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत! कोथिंबीर वडी आणि अळूवडी बघा: आधी वाफवायची, मग कापायची, मग तळायची किंवा परतायची. रविवारी दोन उंडे वाफवा. गार झाल्यावर काप करून ते एकमेकांना न चिकटवता ताटलीत गोठवा, मग पिशवीत भरा. बुधवारी संध्याकाळी वितळू न देता, ब्रशने तेल लावून, एका थरात टोपलीत. मधे एकदा उलटा. वितळू दिल्या तर सुटलेल्या पाण्याने वडी मऊ पडते, आणि गर्दी केली तर हवाच फिरत नाही. होय, तेल लावायचं. कोरडा डाळीच्या पिठाचा पापुद्रा पांढरट आणि कोरडा लागतो. चमचाभर तेलाची लाज वाटायचं कारण नाही.

काय करायचं नाही तेही सांगतो. उकडीचा मोदक त्यात घालू नका. त्याला वाफच लागते. चकली आणि करंजी दिवाळीत तेलातच तळा, मान वर करून तळा, आणि चार घरांनी मिळून तळा. फ्रोझन ग्योझाही तव्यावरच बरे. त्यांच्या खाली लावलेला थर तव्याला टेकूनच जाळीदार होतो. ते तव्याला चिकटतात अशी तक्रार आली तेव्हा 2023 मध्ये त्याच आजिनोमोतोने लोकांकडे तसे तवे मागितले आणि साडेतीन हजारांवर तवे येऊन पडले. कारखान्यातही कुणीतरी कष्ट घेतं ते असं.

तर आता पुन्हा त्या खणाकडे बघा. त्यात रविवारचे दोन तास कुणीतरी बुधवारसाठी राखून ठेवले आहेत. विकतचं पाकीट असेल तर कुणा अनोळखी कामगाराचे तास आहेत. दोन्हींचा मान राखा. ‘तेलाचा थेंब नाही’ म्हणून मिरवू नका आणि ‘फ्रोझनच आहे ना’ म्हणून हजेरी घेऊ नका.

पुढच्या व्हिडिओ कॉलला पिशवी सरकवू नका. आईने विचारलं तर सांगा, ‘आई, हे आमचं वाळवण.’ तिला कळेल. आणि नवऱ्याने विचारलं तर टोपली त्याच्या हातात द्या: वड्या त्याने उलटायच्या, जाळीही त्यानेच घासायची. आमच्याकडे आता तेच चालतं, आणि जाळीच्या कोपऱ्यात अडकलेलं डाळीचं पीठ किती हट्टी असतं हे मला आत्ता कुठे कळलं आहे.