जोडीदार यंत्रे वेगळी बसवा
देवगडच्या बागायतदाराला सातबारा ऑनलाइन मिळतो, तेव्हा तो कोणत्या सर्व्हरवरून आला हे त्याला माहीत असण्याचे कारण नाही. मात्र अशा सेवा क्लाउडवर हलवणाऱ्यांना ते माहीत असलेच पाहिजे. महाराष्ट्राने २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाउडचे धोरण स्वीकारले, त्यामुळे हा प्रश्न आपलाच आहे. स्थलांतरात आभासी यंत्रे (सर्व्हरवर सॉफ्टवेअरने चालणारे संगणक) सहसा मोकळी जागा पाहून बसवली जातात. नियम घातला नाही, तर मूळ यंत्र आणि त्याचे राखीव जोडीदार यंत्र एकाच सर्व्हरवर येऊ शकतात, आणि तो बंद पडला की दोन्ही जातात. आवार एकच असले तरी धोका तसाच असतो. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा ज्यांच्या प्रतीही त्याच आवारात होत्या अशा अनेकांचा डेटा कायमचा गेला. जागा ठरवणे क्लाउडवरच सोडावे, नियमांनी क्षमता वाया जाते, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. क्लाउडच्या सॉफ्टवेअरला मोकळी मेमरी दिसते. कोणती दोन यंत्रे एकमेकांचा आधार आहेत हे त्याला सांगावे लागते. म्हणून अशा जोड्या वेगळ्या ठेवण्याचा नियम सक्तीचा असावा, इतर यंत्रांसाठी जागेची पसंती नोंदवणे पुरे. स्थलांतराच्या प्रत्येक टप्प्यानंतर यंत्रे खरोखर कुठे बसली याची तपासणी व्हावी, आणि ही अट निविदेतच लिहिलेली असावी.