पावणेतीन मिलिमीटरचा अविश्वास : बंदुकीच्या चेंबरमध्ये दडलेला इतिहास

१/
इंग्रज अमदानीत इशापूरच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या दोन बंदुका शेजारी शेजारी ठेवल्या, तर नवख्या माणसाला फरक दिसत नाही. तोच लाकडी दस्ता, तोच बोल्ट, तेच बोथट तोंड. परंतु एक लष्कराची ‘थ्री-नॉट-थ्री’ रायफल असते आणि दुसरी पोलीस व पहारेकऱ्यांसाठी बदललेली ०.४१० इंची मस्केट. नळीच्या व्यासातील अंतर ०.१०७ इंच, म्हणजे जेमतेम पावणेतीन मिलिमीटर. एका साम्राज्याची भीती तेवढ्या जागेत मावली होती.

२/
प्रथम चेंबर म्हणजे काय, ते पाहू. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी तोंडाकडून ठासली जाई. काडतुसाची बंदूक मागून भरते. नळीच्या मागच्या टोकाला काडतुसाच्या मापाची एक पोकळी कोरलेली असते, तिला चेंबर म्हणतात. काडतूस तिथे नेमके बसले पाहिजे. ढिले बसले तर पितळी कवच फाटते, घट्ट असेल तर बंदूक मिटतच नाही. कोणती बंदूक कोणते काडतूस खाणार, हे तिथेच ठरते.

३/
हे चेंबर दुसऱ्या काडतुसासाठी बदलताना एक नियम मोडता येत नाही : धातू काढता येतो, घालता येत नाही. पोकळी मोठी करणे सोपे, लहान करणे अशक्य. नवे काडतूस जुन्यापेक्षा बारीक असेल, तर नळीच बदलावी लागते. त्यामुळे प्रत्येक जुन्या बंदुकीमागे कोणाचा तरी निर्णय असतो : ही सुधारायची, की नुसती कोरायची?

४/
असा पहिला मोठा निर्णय १८५७ नंतर झाला. एनफिल्ड १८५३ ही ठासणीचीच, परंतु नळीत पीळदार खाचा असलेली, लांबवर नेम साधणारी रायफल. तिच्याच चरबी लावलेल्या काडतुसांवरून असंतोषाचा भडका उडाला. उठाव मोडल्यावर देशी शिपायांसाठी १८५८ चा नमुना आला. नळीतील खाचा कोरून काढल्या, व्यास ०.५७७ वरून ०.६५६ इंच केला आणि अंतरानुसार वरखाली होणारी माशी काढून तिथे एकच स्थिर माशी बसवली. दिसायला तीच बंदूक, परंतु तिचा दूरचा नेम गेला.

५/
कोरल्यामुळे नळ्या पातळ पडल्या आणि फुगू लागल्या. मग जाड नळीचा १८५९ चा नमुना काढण्यात आला. येथे थांबून विचार करावा. ही जुन्या मालाची विल्हेवाट नव्हती. मुद्दाम कमी प्रतीचे हत्यार घडवण्यासाठी सरकारने नवा खर्च केला होता. याच काळात पील आयोगाच्या शिफारशींनुसार तोफखानाही बहुतांशी गोऱ्यांच्या हाती गेला. नळी आणि तोफ यांमागचे धोरण एकच होते.

६/
आता याच्या उलट बाजूचे उदाहरण. १८७१ मध्ये ब्रिटिश सैन्याने मार्टिनी-हेन्री स्वीकारली. ही अस्सल एकबारी रायफल. चापामागची तरफ खाली ओढली की आतला ठोकळा झुकतो, चेंबर उघडते, एक काडतूस सरकवायचे, तरफ वर, आणि बार. तिचे ०.५७७/०.४५० काडतूस बाटलीसारखे : बूड रुंद, मान अरुंद. त्यात ८५ ग्रेन काळी दारू आणि ४८० ग्रेनची शिशाची गोळी.

७/
१८८८ मध्ये ०.३०३ इंची लहान गोळीचे युग आले आणि पुढे धूर न करणारी कॉर्डाइट दारू आली. हजारो मार्टिनी एका रात्रीत जुन्या झाल्या. परंतु त्यांचा ठोकळा आणि तरफ भक्कम होती. म्हणून ०.४५० ची नळी काढून ०.३०३ ची नवी नळी बसवली, काडतूस बाहेर खेचणारा आकडा बदलला, ठोकळ्यातील खीळ नव्या मापाची केली. या मार्टिनी-मेटफर्ड, आणि १८९५ पासून खोल खाचांच्या नळीच्या मार्टिनी-एनफिल्ड. येथे काटकसर खरी होती, कारण बदललेली बंदूक आधीपेक्षा सरस झाली.

८/
साम्राज्याची बाजू मांडणारे नेमका हाच दाखला देतात. जुने टाकून न देता वापरणे ही साधी व्यवहारबुद्धी होती, असे ते म्हणतात. युक्तिवाद अर्धा खरा आहे. परंतु क्रम पाहा. दुसऱ्या अफगाण युद्धात (१८७८–८०) गोऱ्या पलटणींकडे मार्टिनी, तर देशी पलटणींकडे जुनी स्नायडर. १८९७ मध्ये गोऱ्यांकडे मॅगझिनची ली-मेटफर्ड, तर देशींकडे एकबारी मार्टिनी. सारागढीचे २१ शीख याच एकबारी बंदुकीने लढले. कायम एक पिढी मागे राहणे हा योगायोग नव्हता.

९/
नागरिकांच्या बाबतीत भीती आणखी उघडी पडली. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा ठरवले होतेच. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थान आणि सुदानमध्ये ०.४५० मापाच्या शिकारी रायफलींवरही बंदी आली. कारण हेच की त्यांची गोळी सरहद्दीवर फिरणाऱ्या मार्टिनींच्या उपयोगी पडेल. विलायती बंदूकवाल्यांनी मग ०.४६५, ०.४७०, ०.४७५ अशी मापे काढली. वाघाच्या शिकारीसाठी निघालेल्या संस्थानिकाच्या बंदुकीचे मापही अफ्रिदी टोळ्यांच्या धास्तीने ठरले.

१०/
०.४१० मस्केट हा याच विचाराचा पुढचा टप्पा. थ्री-नॉट-थ्रीच्या नळीतील खाचा कोरून ती गुळगुळीत केली. काडतूसही ०.३०३ चेच, फक्त त्याची अरुंद मान काढून सरळ केलेले. चेंबर त्याप्रमाणे मोठे झाले आणि मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा बसला. दहा काडतुसांची रायफल एकबारी झाली. झिजलेल्या नळ्यांना नवे आयुष्य मिळाले, हे मान्य. परंतु त्या नळीतून लष्करी काडतुसाचा नेम लागणार नाही, ही ‘सोय’ काटकसरीच्या खात्यात कशी मांडणार?

११/
इजिप्तचे उदाहरण तर बोलके आहे. पहिल्या महायुद्धानंतर तिथल्या पोलिसांसाठी बर्मिंगहॅमच्या ग्रीनरने मार्टिनीच्याच धर्तीवर एकबारी बंदूक बनवली. तिला बाजारात न मिळणारे १४ बोअरचे खास काडतूस लागे. बंदूक चोरली तरी ती निरुपयोगी ठरावी, हा हेतू. लोकांनी बारीक १६ बोअरच्या काडतुसाला कागद गुंडाळून ते चेंबरात बसवले! मग पुढच्या नमुन्यात खिळीचा आकारच असा बदलला, की खास खाचेचे बूड नसेल तर काडतूस उडू नये.

१२/
चेंबरला कुलूप बनवता येते, पण त्याची किल्ली फार काळ एकाच्या हाती राहत नाही, हे कारागिरांनी पुन्हा पुन्हा दाखवले. दर्रा आदम खेलच्या लोहारांनी हातअवजारांवर मार्टिनीच्या नकला घडवल्या आणि त्यांवर इंग्रजी राजमुद्राही ठोकल्या. अक्षरे कधी उलटी पडत, पण गोळी सुटे.

१३/
स्वातंत्र्यानंतर सत्ता बदलली, चेंबर मात्र तेच राहिले. थ्री-नॉट-थ्री आजही सामान्य परवानाधारकासाठी निषिद्ध बोअर आहे. त्याला मिळते ती ०.३१५ इंची स्पोर्टिंग रायफल, मूळच्या ऑस्ट्रिया-हंगेरीच्या मॅनलिखर काडतुसाची. तीही इशापूरचीच. नागरिकांच्या हाती लष्करी काडतूस नसावे, या भूमिकेला लोकशाहीत सबळ कारणे आहेत. परंतु ही वाट कोणी, कशासाठी पाडली, हे ठाऊक असलेले बरे.

१४/
काटकसर आणि अविश्वास यांत फरक कसा करावा? बदलानंतर हत्यार सुधारले की बिघडले, आणि बिघडवण्यासाठी वर खर्चही केला का, हे तपासावे. मार्टिनी-एनफिल्ड या कसोटीवर काटकसर ठरते, १८५९ ची मस्केट ठरत नाही. पुढच्या वेळी संग्रहालयात जुनी बंदूक पाहताना नाव आणि साल वाचून पुढे सरकू नये. नळीच्या मागच्या टोकावरचे मापही पाहावे. ती बंदूक कोणाच्या हाती द्यायची होती, आणि त्या हातावर सरकारचा किती भरवसा होता, याचा अंदाज तिथेच लागतो.