कोठडी वाढवायला व्हीसी चालते, लेकराच्या ताब्याला का नाही?

कच्च्या कैद्याची न्यायालयीन कोठडी वाढवायची असली की त्याला दर वेळी कोर्टात न्यावंच लागत नाही. २००८ च्या दुरुस्तीने फौजदारी संहितेच्या कलम १६७ मध्ये व्हिडिओद्वारे हजेरीची सोय झाली, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ती आहे. स्क्रीनसमोर उभं करायचं, नाव विचारायचं, पुढची तारीख द्यायची. दोन मिनिटांचं काम! म्हणजे माणसाला आत ठेवायचं असेल तर यंत्र आहे, नेट आहे, शिपाईही आहे. त्याच कैद्याच्या लेकराचा ताबा कौटुंबिक न्यायालयात ठरणार असला की मात्र उत्तर मिळतं, "गार्ड मिळाला नाही."

आमच्या वस्तीतली एक ताई कच्ची कैदी म्हणून आत होती. नवऱ्याने मुलाच्या ताब्याचा अर्ज टाकला, पत्ता दिला तिच्या बंद खोलीचा. प्रतिवादी तुरुंगात असेल तर समन्स तुरुंगाधिकाऱ्यामार्फत बजावावं, असं दिवाणी संहितेचा आदेश ५, नियम २४ सांगतो. पण ती कुठे आहे हे कोर्टाला सांगणार कोण? एकतर्फी आदेश झाला. तिला तो कळला मुलाखतीला गेलेल्या आईकडून, काचेपलीकडून.

मित्रहो, हा एखाद्या कारकुनाचा हलगर्जीपणा म्हणून सोडून देऊ नका. कायद्याची नजरच तशी आहे. दिवाणी संहितेचा आदेश १६-अ कैद्याला कोर्टात आणण्याबद्दल बोलतो, पण साक्षीदार म्हणून. त्यातही तुरुंग कोर्टापासून २५ किलोमीटरपेक्षा दूर असला, तर कमिशनवर जबाब घेऊन भागणार नाही अशी खात्री झाल्याशिवाय त्याला आणण्याचा आदेश देता येत नाही. दुसऱ्याच्या खटल्यात साक्ष देणारा कैदी कायद्याला दिसतो. स्वतःच्या लेकरासाठी भांडणारी आई त्याला दिसत नाही.

गंमत बघा, कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ चं कलम १३ म्हणतं की पक्षकाराला वकिलामार्फत बाजू मांडण्याचा हक्क नाही, परवानगी मिळाली तर मिळाली. अपेक्षा अशी की आईबापांनी स्वतः बोलावं. मग ज्याला बोलायला आणलंच जात नाही, त्याने काय करायचं?

हा प्रश्न आमचा का, असं काही कार्यकर्ते विचारतात. तुरुंगात कोण आहे ते बघा ना. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीत देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे चारातले तीन अजून दोषी ठरलेलेच नाहीत. लोकसंख्येत अनुसूचित जाती १६.६ टक्के, तुरुंगात मात्र पाचातला एक. पारधी वस्तीवर पोलिसांची गाडी कशी येते हे आम्ही नव्याने सांगायला नको. तुरुंगात कामंसुद्धा जातीवर वाटली जात होती, हे सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ ला सुकन्या शांता खटल्यात मान्य केलं आणि ते नियम रद्द केले. पैसेवाला जामिनावर सुटून ताब्याच्या तारखेला इस्त्रीच्या शर्टात हजर राहतो. आमच्या माणसाला जामीनदार मिळत नाही, म्हणून तो बाप म्हणूनही गैरहजर!

यावर २०१७ चा संथिनी निकाल पुढे केला जातो. वैवाहिक वादात समेट फसल्यावर आणि दोन्ही पक्षांची संमती असली तरच व्हीसी, असं बहुमताने तेव्हा म्हटलं. न्या. चंद्रचूड यांनी भिन्नमत नोंदवलं होतं. बहुमताची काळजी समेटाची, गोपनीयतेची, बाईच्या सन्मानाची होती आणि ती खोटी नव्हती. पण तिथे पर्याय समोरासमोर बसण्याचा होता. कैद्यापुढे पर्याय रिकाम्या खुर्चीचा आहे. त्यात संमतीची अट म्हणजे ज्याला एकतर्फी आदेश हवाय त्याच्याच हातात किल्ली. आणि २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा हीच न्यायालयं ऑनलाइन चालली की!

आमच्याच बहिणींचा एक आक्षेप मात्र खरा आहे. बायकोला मारून आत गेलेला नवरा स्क्रीनवरून तिच्या आईबापांना धमकावेल त्याचं काय? आमचं म्हणणं असं की ऐकून घेणं म्हणजे ताबा देणं नव्हे. लेकराचं हित सर्वात वर, हे १९५६ च्या पालकत्व कायद्याचं कलम १३ सांगतंच. न्यायाधीशाने त्याला बोलू द्यावं, धमकी दिली तर आवाज बंद करावा आणि अर्ज फेटाळावा. पण न ऐकता फेटाळू नये.

व्हीसी म्हणजे फुकटचं समाधान असंही आम्ही मानत नाही. शेजारी शिपाई उभा असताना कुठली आई मोकळं बोलेल? सुनावणीआधी वकिलाशी खाजगीत बोलणं झालंच पाहिजे. लेकराची भेट स्क्रीनवर उरकायची नाही. स्वतःची कार्यपद्धती ठरवण्याची मुभा कौटुंबिक न्यायालयाला कलम १० देतं, त्यामुळे हे उद्यापासून होऊ शकतं, नव्या कायद्याची वाट बघायला नको.

तोवर आपल्या वस्तीत कोणी आत असेल आणि घरी लहान मूल असेल, तर कौटुंबिक न्यायालयात चौकशी करा. अर्ज पडला असेल तर कैदी कोणत्या तुरुंगात आहे ते लेखी कळवा, व्हीसीची मागणी त्याच कागदावर करा आणि पोच घ्या. विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, अनुसूचित जाती-जमातींना आणि बायकांनाही. एकतर्फी आदेश आधीच झाला असेल तर तो रद्द करण्याचा अर्ज करता येतो, मुदत मात्र थोडी असते. आमच्या ताईचा तो अर्ज आता दाखल झालाय. तिला स्क्रीनवर आणा, ही मागणी त्यात पहिल्याच पानावर आहे.