बिलावर कराची ओळ नाही, आणि पैसे मात्र अडकलेत

गेल्या आठवड्यात गडहिंग्लजमधल्या एका ओळखीच्या दुकानात बसलो होतो. ठिबकचं सामान, पीव्हीसी पाइप, फिटिंग असा माल. दुकानदार काका साठीच्या पुढचे. हिशेब आता सूनबाई कॉम्प्युटरवर बघतात. चहा आला, पण काकांचा चेहरा उतरलेला.

"संकेश्वरच्या पार्टीनं पेमेंट थांबवलंय. म्हणतोय, तुमचं बिल चालत नाही. अहो, माल बरोबर, भाव बरोबर, मग बिलाला काय झालं?"

बिल हातात घेतलं. मालाची यादी, खाली एकच आकडा आणि शेजारी "सर्व करांसह". कर किती, कुठला, कितीच्या दरानं, काहीच नाही. सूनबाईंनी तक्रारीनंतर दुसरी प्रिंट काढून पाठवली होती. त्यात कर दिसत होता, पण सीजीएसटी आणि एसजीएसटी. माल टेम्पोनं पोचवलेला कर्नाटकात! तिथं आयजीएसटी पाहिजे. महाराष्ट्राच्या एसजीएसटीचं क्रेडिट कर्नाटकातल्या व्यापाऱ्याला मिळत नाही. त्यानं पैसे थांबवले, त्यात त्याचं काय चुकलं?

"सॉफ्टवेअरच खराब आहे," सूनबाई म्हणाल्या. कंपनीच्या माणसाला दोनदा फोन करून झाला होता. "बघतो" म्हणाला आणि गायब झाला.

शेवटी ओळखीच्या कर सल्लागाराच्या ऑफिसमधला एक पोरगा आला आणि आम्ही तिघं कॉम्प्युटरपुढं बसलो. तासाभरात सगळं सापडलं. सॉफ्टवेअर खराब नव्हतं. त्याला जी माहिती द्यायची असते ती कुणी दिलीच नव्हती. जे सापडलं ते इथं लिहितोय, कारण आपल्या बाजारपेठेत हे एकाच दुकानात असेल असं मला वाटत नाही.

पहिली गोष्ट छपाईची. कर आत मोजला जात होता, पण बिलाच्या प्रिंटमध्ये कराचा तपशील दाखवायचा पर्याय बंद होता. ही एका टिकची गोष्ट.

दुसरी गोष्ट गिऱ्हाइकाच्या खात्याची. त्या पार्टीच्या खात्यात राज्य भरलेलंच नव्हतं. त्यामुळं सॉफ्टवेअरनं तिला महाराष्ट्रातलीच धरली आणि कर दोन भागांत फोडला. जीएसटी नंबर १५ अक्षरी असतो, त्यातले पहिले दोन अंक राज्याचे. महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गोवा ३०. आपण सीमेवरची माणसं. सकाळी निपाणी, दुपारी बेळगाव, संध्याकाळी गोव्याची गाडी. पुण्यातल्या दुकानदाराला ही चूक वर्षातून एकदा होईल, आपल्याला आठवड्यातून एकदा.

तिसरी गोष्ट दराची. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. ठिबकचं सामान १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलं. काकांच्या कॉम्प्युटरमध्ये काही वस्तूंना नवा दर होता, काहींना जुना, आणि नंतर घाईत तयार केलेल्या दोन वस्तूंना दरच नव्हता. दर नाही म्हणजे कराची ओळही नाही. दहा हजारांच्या सामानावर ५ टक्क्यांनी ५०० रुपये होतात, १२ टक्क्यांनी १,२००. हे वरचे ७०० शेतकऱ्याच्या खिशातून जाणार. ते दुकानदारालाही मिळत नाहीत, कारण कर म्हणून घेतलेली रक्कम सरकारकडं भरावीच लागते.

इथं आणखी एक खाच आहे. नवा दर टाकताना तो कुठल्या तारखेपासून हेही टाकावं लागतं. नुसता जुना पुसून नवा लिहिला, तर ऑगस्टमध्ये विकलेला माल परत आल्यावर क्रेडिट नोट नव्या दरानं निघू शकते. ती जुन्याच दरानं निघायला पाहिजे.

चौथी गोष्ट हिशेबाची. भाव करासकट धरला असेल तर कर उलटा काढावा लागतो. १०,५०० मध्ये ५ टक्के कर किती? बरेच जण ५२५ म्हणतात. उत्तर ५०० आहे, कारण मूळ किंमत १०,००० आहे. हा पर्याय वस्तूच्या खात्यात चुकला की बिलाचा आकडा प्रत्येक वेळी थोडाथोडा चुकतो आणि वर्षाअखेरीला कुणालाच मेळ लागत नाही.

काकांचं नशीब की रिटर्न भरायच्या आधी हे सापडलं. नंतर सापडलं असतं तर बरोबर कर आधी भरायचा आणि चुकीच्या डोक्याखाली गेलेला परत मागायचा. छोट्या दुकानदाराचं भांडवल असंच अडकतं. एक सूचना मात्र : दिलेलं बिल कॉम्प्युटरमध्ये गुपचूप बदलू नका. रद्द करायचं की क्रेडिट नोट काढायची, हे सल्लागाराला विचारूनच ठरवा.

आता माझं म्हणणं.

जीएसटी १ जुलै २०१७ ला आला. कायद्याच्या कलम ३३ मध्ये स्पष्ट आहे की बिलावर कराची रक्कम ठळकपणे दिसली पाहिजे. नियम ४६ मध्ये बिलावर काय काय असावं याची यादी आहे. कायदा स्पष्ट आहे, सॉफ्टवेअरही काम करतं. पण या दोघांच्या मध्ये जो माणूस बसलाय, त्याला त्याच्या भाषेत कुणी सांगितलंच नाही. स्क्रीनवर इंग्रजी प्रश्न येतो, सूनबाई एंटर दाबतात, पुढं जातात. आपण सगळेच तसं करतो. चूक झाली की दंड दुकानदाराला, उधारी दुकानदाराची, आणि "तुम्ही नीट भरलं नाही" हे ऐकायचंही त्यानंच.

दरवर्षी रिन्यूअलचे पैसे घेणाऱ्या विक्रेत्यांनी एक पानी मराठी माहिती द्यायला काय हरकत आहे? जीएसटी कार्यालयानं तालुक्याला एक दिवस शिबिर घ्यावं, नोटिसा पाठवण्याआधी. व्यापारी संघटनेनं वर्गणीतून एक शनिवार सल्लागार बसवावा. ज्याला अडचण आहे त्यानं लॅपटॉप घेऊन यावं. भाषणं नकोत, सत्कार नकोत.

काही जण म्हणतील, बारक्या गिऱ्हाइकाला कराच्या ओळीशी काय करायचंय? ठिबकच्या अनुदानाची फाइल केलेल्या शेतकऱ्याला विचारा. तिथं पक्कं बिल लागतं, "सर्व करांसह" लिहिलेला कागद चालत नाही. आणि ज्यानं कंपोझिशन घेतलंय त्याला गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घ्यायचा अधिकारच नाही. त्यानं "बिल ऑफ सप्लाय" द्यायचं असतं. तो बिलावर जीएसटी लावत असेल तर विचारा. छापील एमआरपीवर कुणी वर जीएसटी मागत असेल तर तेही विचारा, एमआरपीत कर धरलेलाच असतो. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

हेही खरं की काही जण मुद्दाम ओळ लपवतात. "बिल पाहिजे का? मग भाव वेगळा" हे आपण सगळ्यांनी ऐकलंय, आणि "राहू दे" म्हणणारेही आपणच. पण म्हणूनच ज्या काकांना सरळ धंदा करायचाय, त्यांचं बिल तरी सरळ निघालं पाहिजे. नाहीतर चोर सुटतो आणि साधा माणूस सेटिंगमध्ये सापडतो.

काकांनी सल्लागाराला विचारून नवं बिल पाठवलं. शुक्रवारी पैसे जमा झाले. सूनबाईंनी चारही गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवल्यात.

व्यापारी मित्रांनो, आज दुकान बंद करण्याआधी स्वतःच्याच एका बिलाची प्रिंट काढून बघा. कर दिसतोय का, कुठला दिसतोय, कितीच्या दरानं दिसतोय. दहा मिनिटं लागतील. आणि त्या शनिवारच्या शिबिरासाठी कोण पुढं येतंय, ते कमेंटमध्ये सांगा. बातमी छापायची जबाबदारी माझी.