ओळखणाऱ्या दोन व्यक्ती

आमच्या माडीवरच्या दोन खोल्या गेली काही वर्षे भाड्याने दिलेल्या असतात. पेणमध्ये हा आता जोडधंदाच झाला आहे. डोलवीच्या पोलाद कारखान्यात कामाला येणारी पोरे वडखळपासून पेणपर्यंत जागा शोधत फिरतात. तिकडे रोह्याला धाटाव एमआयडीसीतल्या केमिकल कंपन्यांमुळे तीच गत. ओडिशा, बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश, कुठून कुठून येतात. मागच्या पावसाळ्यात ओडिशातल्या बालेश्वरकडचा एक मुलगा आला. वेल्डर. सामान म्हणजे एक बॅग, एक टेबलफॅन आणि जगन्नाथाची तसबीर.

नियमाप्रमाणे पोलीस ठाण्यात द्यायचा भाडेकरूचा फॉर्म मी त्याच्यापुढे ठेवला. फोटो, आधार क्रमांक, कायमचा पत्ता, कामाचे ठिकाण, सगळे त्याने भराभर लिहिले. मग आला ओळखणाऱ्या दोन व्यक्तींच्या नावांचा आणि मोबाइल क्रमांकांचा रकाना. पहिल्या ओळीत त्याने ठेकेदाराच्या सुपरवायझरचा नंबर टाकला. दुसऱ्या ओळीवर पेन थांबले. वर बघून म्हणाला, "अंकल, आपका लिख दूँ?"

आमची ओळख चार दिवसांची होती.

'लिही' म्हटले, पण तो रकाना काही डोक्यातून जाईना. हा फॉर्म कशासाठी असतो? उद्या या पोराने काही केले तर त्याला शोधायला. ठीक आहे, पोलिसांना त्याची गरज असते. पण उद्या या पोराचेच कोणी काही केले तर? तेव्हाही हाच कागद काढून कोणी बालेश्वरला फोन लावतो का?

आमच्या तालुक्याला हा प्रश्न नवा नाही. गागोदे म्हटले की पेणकराला विनोबा आठवावेत. ११ सप्टेंबर १८९५ चा त्यांचा जन्म तिथला. पण २०१५ च्या ऑगस्टमध्ये टीव्हीवाल्यांच्या गाड्या गागोद्याच्या वाटेला लागल्या त्या विनोबांसाठी नव्हे. तीन वर्षांपूर्वी, २३ मे २०१२ रोजी, गागोदे खुर्दच्या रानात एक जळालेला मृतदेह सापडला होता. गावच्या पोलीस पाटलांनी पेण पोलिसांना कळवले. पोलीस आले, नमुने घेऊन मुंबईच्या जे.जे. रुग्णालयाकडे पाठवले आणि उरलेला देह तिथेच पुरला. खुनाचा गुन्हा नोंदला गेला नाही. साधी अकस्मात मृत्यूची नोंदसुद्धा झाली नाही. हे उघड झाल्यावर चौकशीचे आदेश निघाले, पण ते तीन वर्षांनी. तोवर मुंबई पोलिसांनी दुसऱ्याच एका प्रकरणात पकडलेल्या ड्रायव्हरकडून धागा लागला होता आणि गागोद्याच्या मातीतल्या त्या देहाला नाव मिळाले होते: शीना बोरा, मूळची गुवाहाटीची, मुंबईत नोकरी करणारी, पंचविशीतली मुलगी.

पुढचे सगळे देशाने चवीने पाहिले. आईलाच अटक, सीबीआय, खटला. तो खटला अजून चालू आहे आणि आरोपींबद्दल बोलण्याचा अधिकार न्यायालयाचा. २०२४ मध्ये तर त्या अस्थीच सापडत नाहीत असे सरकारी पक्षाने न्यायालयाला सांगितले. काही आठवड्यांनी त्या सीबीआयच्याच दिल्लीतल्या मुद्देमाल कक्षात निघाल्या. त्या सगळ्या गदारोळात आम्हा पेणकरांच्या वाट्याचा भाग मात्र कोणाच्या फारसा लक्षात राहिला नाही. तीन वर्षे एक माणूस आमच्या हद्दीत होता आणि कागदावर नव्हता. का? तर त्याला ओळखणारे पेणमध्ये कोणी नव्हते. एखाद्या स्थानिक मुलीचा देह असा सापडला असता तर संध्याकाळपर्यंत ठाण्यासमोर दोनशे माणसे बसली असती. परक्यासाठी कोण बसणार?

आता २०१२ च्याच सुमाराची दुसरी एक गोष्ट. पुण्याचा अनुज बिडवे हा २३ वर्षांचा मुलगा इंग्लंडमध्ये लँकेस्टर विद्यापीठात शिकत होता. २६ डिसेंबर २०११ च्या पहाटे मँचेस्टरलगतच्या सॅलफर्डमध्ये तो मित्रांबरोबर रस्त्याने चालला होता. एका अनोळखी तरुणाने त्याला वेळ विचारली आणि गोळी घातली. ना ओळख, ना भांडण. घरच्यांना ही बातमी आधी कळली ती फेसबुकवरून, पोलिसांकडून नव्हे. म्हणजे तिकडच्या पोलिसांचीही चूक झालीच, आणि त्यांना माफी मागावी लागली. पण मग तिथले अधिकारी विमानाने पुण्याला आले, त्या आई-वडिलांसमोर बसले, तपास कुठवर आला ते सांगितले. खटल्याच्या वेळी आई-वडील मँचेस्टरच्या न्यायालयात हजर होते. २७ जुलै २०१२ रोजी गोळी घालणाऱ्या त्या तरुणाला, किआरन स्टेपलटनला, जन्मठेप झाली, किमान तीस वर्षे आत राहण्याच्या अटीसह. गुन्ह्यापासून सात महिन्यांत.

त्या जुलैत गागोद्याच्या मातीत तो देह पुरून दोन महिने झाले होते. आमच्याकडे पावसाने जोर धरला असेल, लावणी चालू असेल.

इंग्रज शहाणे आणि आपण वेडे, असे मला म्हणायचे नाही. तसे असते तर तिकडच्या सगळ्याच काळ्या-सावळ्या आयांना सात महिन्यांत न्याय मिळाला असता. मला दिसतो तो फरक एवढाच, की तिथे परका माणूस मेल्यावर 'याचे कोण' हा प्रश्न पोलिसांनी स्वतःला विचारला आणि उत्तर शोधत सात समुद्र ओलांडून आले. आपल्याकडे 'याचे कोण' हे त्या कोणाने येऊन सिद्ध करायचे असते.

मुंबई-गोवा महामार्ग आमच्या पेणवरूनच जातो. पूर्वी तो १७ नंबरचा होता, आता ६६ झाला; खड्डे कुठल्याच नंबरला कमी झाले नाहीत. त्याच रस्त्याने खाली गेले की गोवा. फेब्रुवारी २००८ मध्ये हणजुण्याच्या किनाऱ्यावर स्कार्लेट कीलिंग ही पंधरा वर्षांची ब्रिटिश मुलगी मृत सापडली. पोलिसांचे पहिले म्हणणे: बुडाली. आई हटून बसली, पुन्हा शवविच्छेदन करायला लावले आणि अंगावरच्या जखमा समोर आल्या. २०१६ मध्ये गोव्याच्या बाल न्यायालयाने आरोपींना सोडले. एक महत्त्वाचा ब्रिटिश साक्षीदार साक्षीला आलाच नव्हता. साक्षीदार परदेशात बसून दूरदृश्य प्रणालीवरून साक्ष देऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, प्रफुल्ल देसाई प्रकरणात, २००३ मध्ये सांगून ठेवले होते. पण साक्षीदाराची तयारीही हवी. शेवटी २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाने एकाला दोषी ठरवून दहा वर्षांची शिक्षा दिली. अकरा वर्षे. आणि ती आई हटली नसती तर? 'बुडून मृत्यू', एवढेच राहिले असते. काणकोणला २०१७ च्या मार्चमध्ये मारल्या गेलेल्या डॅनिएल मॅक्लॉक्लिनच्या घरच्यांनीही आयर्लंडहून जवळजवळ आठ वर्षे वाट पाहिली. २०२५ च्या फेब्रुवारीत मारेकऱ्याला जन्मठेप झाली.

गोऱ्या मुलींच्या बातम्या निदान छापून येतात. २०१३ च्या ऑक्टोबरअखेर गोव्यात एका नायजेरियन तरुणाचा भोसकून खून झाला. त्याच्या देशबांधवांनी मृतदेह शववाहिकेतून उतरवून पर्वरीला हाच महामार्ग अडवला. रस्ता अडवणे चूकच, मारामारीही झाली. पण दुसऱ्या दिवसापासून चर्चा फक्त रस्त्याची. कितीजणांना पकडले, किती परत पाठवायचे. राज्यातल्या एका मंत्र्याने तर त्यांना कर्करोगाची उपमा दिली आणि मग दिलगिरी व्यक्त केली. मेलेला माणूस त्या सगळ्यात कुठे गेला, कोणी विचारले नाही. ज्याचा खून झाला त्याचीच जमात आरोपी झाली.

उलट उदाहरणही आहे. २०२२ च्या नोव्हेंबरअखेर मुंबईत खारच्या रस्त्यावर एका कोरियन तरुणीची दोन पोरांनी छेड काढली. ती त्या वेळी इंटरनेटवर थेट प्रक्षेपण करत होती, हजारभर लोक बघत होते. चित्रफीत पसरली आणि दोघांनाही लगेच अटक झाली. पोलिसांचे कौतुक केलेच पाहिजे. पण हजार साक्षीदार खिशात घेऊन फिरण्याची सोय किती जणांना असते?

कोरियाचे नाव आमच्या जिल्ह्यात नवे नाही. रोह्याकडून कोलाडला येऊन सुतारवाडीच्या रस्त्याने विळ्याला गेले की पोस्कोचा पोलाद कारखाना लागतो. दक्षिण कोरियाची कंपनी, माणगाव तालुक्याची जमीन. तिथल्या एखाद्या कोरियन इंजिनिअरचा उद्या मृत्यू झाला, तर १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार आपल्या यंत्रणेने त्याच्या देशाच्या वकिलातीला विनाविलंब कळवायला हवे. शिवाय कंपनी आहे, दुभाष्या आहे, दूतावास आहे. आणि कोरियात गेलेल्या आपल्या पोराचे? तिथल्या गुन्हेपीडितांसाठीच्या कायद्याने परदेशी माणसासाठी एक अट घातली: तुमच्या देशात आमच्या माणसाला अशी मदत मिळत असेल, तर आम्ही तुमच्याला देऊ. व्यवहाराची भाषा आहे, पण प्रश्न रास्त आहे. आपण देतो का?

कागदावर तरी देतो. गुन्ह्यातल्या पीडिताला भरपाई देण्याची तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३५७-अ कलमात होती, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ३९६ व्या कलमात आहे. पीडिताच्या व्याख्येत नागरिकत्वाचा शब्द नाही. आपल्या जिल्ह्यात त्यासाठी अलिबागच्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचे. आणि त्याच्याही आधी, २००० सालचा एक निकाल आहे, जो मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोठा वाटतो. १९९८ मध्ये हावडा स्टेशनच्या यात्री निवासात एका बांगलादेशी स्त्रीवर सामूहिक अत्याचार झाला. रेल्वेचे म्हणणे होते, ती परदेशी आहे, तिला आपल्या घटनेचा आधार मिळणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, जगण्याचा हक्क देणाऱ्या २१ व्या कलमात 'नागरिक' असा शब्द नाही, 'व्यक्ती' असा आहे. दहा लाखांची भरपाई कायम झाली. तो खटला त्या स्त्रीने घातला नव्हता. तिच्या कोणी नातेवाइकानेही नाही. कोलकात्याच्या चंद्रिमा दास नावाच्या वकील बाईंनी घातला होता. नात्याच्या ना गोत्याच्या.

मला थांबायला होते ते इथे. कारण बालेश्वरचा माझा भाडेकरू परदेशी नाही. तो भारतीय आहे, म्हणून त्याच्यासाठी व्हिएन्ना करार नाही. ओडिशाची वकिलात पेणला नाही. परदेशी पाहुणा उतरला तर घरमालकाने चोवीस तासांत फॉर्म भरायचा असतो, म्हणजे तो कुठे आहे हे दिल्लीलाही ठाऊक असते. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ चा एक कायदा होता. त्यात ठेकेदारावर बंधन होते, की कामगाराचा जीवघेणा अपघात झाला तर दोन्ही राज्यांतल्या अधिकाऱ्यांना आणि त्याच्या जवळच्या नातेवाइकाला कळवायचे. कायदा करणाऱ्याने नातेवाइकाची आठवण ठेवली होती, याचे मला आजही बरे वाटते. पुढे तो कायदा २०२० च्या श्रमसंहितेत विरघळला. पण तो होता अपघातापुरता. कामावरून सुटल्यावर रात्री वडखळच्या नाक्यावर कोणी मारले, तर ते ठेकेदाराच्या वहीत बसत नाही.

पेणचे गणपती अमेरिकेला जातात, मॉरिशसला जातात. हमरापूर, जोहे, कळव्याच्या कारखान्यांत खोक्यांवर पत्ते लिहिलेले असतात, पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा, दोन्ही. मूर्ती वाटेत हरवली तर कोणाला कळवायचे, हे खोक्यावर असते.

तर तो फॉर्म. सही घ्यायच्या आधी मी कागद उलटला आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूला त्याला लिहायला सांगितले: वडिलांचे नाव, त्यांचा नंबर, गाव, गावाचे पोलीस ठाणे, शेजारचा कोणी. त्याला वाटले हाही नियमच. त्याने आज्ञाधारकपणे सगळे लिहिले. ठाण्यातल्या हवालदाराने ती मागची बाजू पाहिली, 'हे कशाला?' म्हणाला, आणि कागद ठेवून घेतला. झेरॉक्स माझ्या कपाटात आहे.

घरी आल्यावर वाटले, नंबर बरोबर आहे का ते बघावे. लावला. पलीकडून म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला, उडियात. मी हिंदीत सांगायला लागलो, महाराष्ट्रातून बोलतोय, तुमचा मुलगा आमच्याकडे राहतो. त्यांना दोनच शब्द कळले असावेत, मुलाचे नाव आणि महाराष्ट्र. पलीकडे एकदम शांतता झाली. मग त्यांनी कोणाला तरी मोठ्याने हाक मारली, भांडे पडल्याचा आवाज आला, बाईमाणसाचे बोलणे ऐकू आले. माझ्या लक्षात आले, मी काय करून बसलो ते. मी माडीकडे तोंड करून त्या पोराला हाका मारायला लागलो आणि तो जिना उतरून येईपर्यंत फोनमध्ये एकच सांगत राहिलो, ठीक है, ठीक है, वो ठीक है.