विषय: निमंत्रण पत्रिका

गेल्या दिवाळीनंतर हैदराबादला गेलो होतो. काचीगुड्याला माझी आत्या राहते, स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. (स्टेशन बघण्यासारखं आहे हं, निजामाच्या काळातलं, 1916 चं.) आत्याचं वय 78, पण मोबाइलवर ईमेल रोज बघते. मी पोचलो तेव्हा बाई रुसून बसलेल्या. आदल्याच संध्याकाळी जवळच्या एका मराठी संस्थेत व्याख्यान झालं होतं. वक्ते तिच्या दिवंगत यजमानांचे विद्यार्थी. भाषणात त्यांनी सरांची आठवण काढली म्हणे. आणि ही घरात सीरियल बघत होती!

"अगं, कळवलं नाही का कुणी?"

"काय तरी आलं होतं बघ, फोटोवालं."

बघितलं. आठ दिवस आधी आलेलं. पाठवणाऱ्याचं नाव 'ऑफिस'. विषय, 'फॉरवर्ड: फॉरवर्ड: निमंत्रण पत्रिका'. आत एकच ओळ, 'सोबत जोडले आहे, कळावे.' आणि जोडलेलं चार एमबीचं चित्र, त्यात संस्थेचं बोधचिन्ह भलंमोठं, वेळ आणि जागा मुंगीएवढ्या अक्षरांत. वर शे-दीडशे लोकांचे पत्ते उघडे टाकलेले. अरे, बीसीसी नावाची सोय कशासाठी आहे?

मी फोन लावला. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "मार्केटिंग आम्हाला जमत नाही हो, आम्ही काय साबण विकतो?"

इथेच माझं डोकं फिरतं. आमच्या गोव्यातही हेच ऐकतो. मार्केटिंग म्हटलं की संस्कृतीवाल्यांच्या कपाळाला आठी! साबणवाला निदान गिऱ्हाईक कोण याचा विचार तरी करतो. तुम्ही आपल्याच सभासदाला दोन ओळी लिहायचा कंटाळा करता आणि त्याला साधेपणा म्हणता. हा साधेपणा नव्हे, माज आहे.

आम्हा सरकारी कारकुनांना लोक हसतात. हसा. पण आमच्या पत्रात वरच 'विषय' असतो, आणि तो वाचूनच कागद कुणाच्या टेबलावर जायचा ते ठरतं. 'विषय: पत्र' असं लिहून फाइल पाठवली तर साहेब माझ्याच अंगावर फेकतील. मोबाइलवर विषयाचे जेमतेम पाच-सहा शब्द दिसतात. 'शनिवारी सहाला सरांच्या विद्यार्थ्याचं व्याख्यान' एवढं तिथे असतं तर आत्या पाचलाच पातळ बदलून बसली असती. कोण बोलणार, कुठे, किती वाजता, हे आत अक्षरांत लिहायचं, चित्रात नव्हे. चित्र नंतर, हौस असेल तर. आणि खाली माणसाचं नाव.

दुसरं टोकही आहेच. 'शेवटची संधी!!!' असली ओरड. 1978 साली गॅरी थर्क नावाच्या विक्रेत्याने अर्पानेटवर काहीशे लोकांना एकदम संगणकाची जाहिरात पाठवली, लोक चिडले, तेव्हापासून हे चालू आहे. फसवून एकदा उघडायला लावता येतं, मग माणूस 'स्पॅम'चं बटण दाबतो आणि तुमचं पुढचं खरं निमंत्रणही त्याच उकिरड्यावर जातं. तेव्हा ते शिका असं मी म्हणत नाहीये.

याच शहरात 1907 साली विवेकवर्धिनी उभी राहिली, 1922 साली मराठी ग्रंथ संग्रहालय. 1956 ला मराठवाडा वेगळा झाला, तरी इथली मराठी राहिली. आणि आता भाषणांत रडगाणं काय, तर तरुण येत नाहीत. तरुण सोडा हो, 78 वर्षांची बाई यायला तयार होती!

असो. निघायच्या दिवशी आत्याच्या मोबाइलवरून 'ऑफिस'ला उत्तर लिहिलं. विषय: 'पुढचं व्याख्यान कधी? मला यायचं आहे.' खाली तिचं पूर्ण नाव. परवा फोनवर विचारलं, अजून काही आलेलं नाही.